रोज रात्री फायली दुसऱ्या सर्व्हरवर जातात. पण गेल्या का, हे बघतंय कोण?

बेळगावात मुख्य कचेरी आणि चंदगडला शाखा असलेली एखादी पतसंस्था घ्या, निपाणीतला एखादा व्यापारी घ्या, नाहीतर खानापूर तालुक्यात दोन इमारतींत भरणारी शाळा घ्या. तिघांकडे आज साधारण एकच व्यवस्था असते. दिवसभराचं काम एका सर्व्हरवर होतं आणि रात्री सगळे झोपलेले असताना त्या दिवसाच्या फायली आपोआप दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर उतरतात. एक जळाला, चोरीला गेला, पावसात भिजला तर दुसरा आहे, असा हिशेब. व्यवस्था बसवणारा पोरगा हुशार होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं ती बसवली, चालवून दाखवली, बिल घेतलं आणि आता तो पुण्यात किंवा बंगळूरला नोकरीला आहे. त्यानंतर त्या व्यवस्थेकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं.

काल रात्री कॉपी झाली का, असं विचारलं की उत्तर येतं, "होते की रोज." कशावरून, असं विचारलं की गाडी अडते. जो कॅशियर संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जात नाही, त्याच कचेरीत ही एक गोष्ट विश्वासावर सोडलेली असते. दोन राज्यांत सभासद असलेल्या बहुराज्य पतसंस्थेचा सर्व्हर मार्चअखेरीला बंद पडला आणि दुसऱ्या सर्व्हरवर फेब्रुवारीचा डेटा निघाला, तर मधल्या महिन्याचं एकेक व्हाऊचर हातानं पुन्हा भरावं लागतं. तोवर मुदत संपलेल्या ठेवीचे पैसे मागायला लोक काउंटरवर उभे असतात.

मोठ्या कंपन्यांचंही तेच झालं

ही चूक गावाकडचीच आहे असं समजू नये. गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथे मुख्य डेटाबेस आणि त्याची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत यांची जुळणी अडकली होती. दुसऱ्या सर्व्हरवरचा फोल्डर रिकामा करून जुळणी नव्यानं सुरू करायची म्हणून एका इंजिनिअरनं पुसण्याची आज्ञा दिली, पण ती गेली मुख्य सर्व्हरवर. त्यानं एक-दोन सेकंदांत थांबवलं, तरी ३०० जीबीच्या आसपास असलेल्या डेटातले जेमतेम साडेचार जीबी उरले.

खरी गोष्ट पुढे आहे. रोजचा बॅकअप काढावा म्हणून बघितलं, तर तो ठेवायची जागा रिकामी! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो रोज चूक दाखवून बंद पडत होता. तसं कळवणारे ईमेलही जात होते, पण त्यांवर आवश्यक ती डिजिटल ओळख नसल्यानं समोरचा मेल सर्व्हर ते परत लावत होता. म्हणजे काम बंद, तक्रार चालू आणि तक्रार कुणापर्यंत पोहोचत नाही. शेवटी एका इंजिनिअरनं सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेली एक प्रत सापडली आणि कंपनी बचावली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीनं हा सगळा प्रकार लपवला नाही, सविस्तर लिहून जाहीर केला, हे तिचं मोठेपण. म्हणून तर तो आज इतरांच्या उपयोगी पडतो.

ही यंत्रणा चालते कशी

यात दोन भाग असतात. एक प्रोग्रॅम फायली नेतो, दुसरा त्याला वेळेवर उठवतो.

नेणाऱ्यांत सगळ्यांत नावाजलेला म्हणजे आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी ऑस्ट्रेलियात तो लिहिला आणि १९९६ मध्ये जाहीर केला. त्याची खुबी अशी की तो सगळ्या फायली रोज उचलत नाही. दोन्हीकडच्या फायलींचा आकार आणि शेवटची बदलाची वेळ बघतो. दोन्ही सारखं असेल तर फाइल सोडून देतो. बदललेल्या फायलीतलाही बदललेला तुकडाच पाठवतो. त्यामुळे गावातल्या बेताच्या इंटरनेटवरही रात्रीत काम उरकतं. विंडोजवर हेच काम करणारा रोबोकॉपी प्रोग्रॅम मूळ विंडोजसोबतच येतो.

वेळेवर उठवणाऱ्याचं नाव लिनक्सवर क्रॉन, विंडोजवर टास्क शेड्युलर. क्रॉनला एका ओळीत पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पुढे काय चालवायचं ते. इतकं सांगितलं की तो वर्षानुवर्षं रोज रात्री तेच करत राहतो. क्रॉन हा अतिशय इमानी नोकर आहे, फक्त एक खोड आहे. काम सुरू करून देणं एवढीच त्याची जबाबदारी. काम पुरं झालं की अर्ध्यावर मेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चालवलेल्या प्रोग्रॅमनं काही बोललं तर क्रॉन ते ईमेलनं मालकाला पाठवायला बघतो. पण सर्व्हरवर ईमेल पाठवण्याची सोय बसवलेलीच नसेल, आणि लहान कचेरीत ती सहसा नसतेच, तर ते बोलणं तिथल्या तिथे टाकून दिलं जातं.

आणि बिघडायला कारणं कमी नाहीत. बेळगावच्या बाजूची वीज हेस्कॉमची, चंदगडच्या बाजूची महावितरणची. दोघांचा करंट कधी जाईल याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पावसाळ्यात रात्री दोनला एका टोकाचा सर्व्हर चालू आणि दुसऱ्या टोकाचा बंद, ही नेहमीची गोष्ट. कधी दुसऱ्या टोकाची डिस्क भरते. कधी शाखेत जुना सर्व्हर जाऊन नवा येतो. मग मुख्य सर्व्हर त्याला ओळखत नाही. ओळख जुळत नसल्यानं तो जोडणी नाकारतो. हे एकदा सुरू झालं की रोज रात्री होत राहतं. सकाळी कचेरी उघडते तेव्हा सगळं नेहमीसारखंच दिसतं.

नोंद कशी असावी

याला उत्तर म्हणजे लॉग, म्हणजे यंत्रानं स्वतः लिहिलेली रोजकीर्द. आरसिंक आणि रोबोकॉपी दोघांनाही लॉग लिहायला सांगता येतं, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. पण नुसता लॉग चालू करून भागत नाही. हजारो फायलींची नावं ओळीनं छापलेला लॉग कुणी वाचत नाही. दोन पानांनंतर माणूस कंटाळतो. रोज बघायची नोंद चार-पाच ओळींची हवी, साधारण अशी:

सुरू: १२ जून, रात्री २.००
संपले: रात्री २.१४
निकाल क्रमांक: ०
तपासलेल्या फायली ४१,२०६, पाठवलेल्या ३१८, पुसलेल्या २
पाठवलेला डेटा: १.१ जीबी

हे आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेब लिहिणाऱ्याला यातून किती कळतं बघा. 'सुरू' आहे आणि 'संपले' नाही, म्हणजे काम मध्येच मेलं. रोज चौदा मिनिटं लागणारं काम आज चार तास चाललं, म्हणजे लाइनीत किंवा डिस्कमध्ये दुखणं आहे. एका मिनिटात संपलं, तर त्याहून जास्त काळजी करावी. सोमवारी पहाटेच्या नोंदीत पाठवलेल्या फायली शून्य असतील तर ठीक, रविवारी कचेरी बंद होती. मंगळवारी पहाटे शून्य आलं तर मात्र चौकशी करायला हवी. सोमवारी दिवसभर व्यवहार झाले, मग एकही फाइल बदलली नाही असं होईल कसं? ही अक्कल यंत्राला नसते. कचेरीतल्या माणसाला असते, आणि त्यासाठी त्याला संगणकाची पदवी लागत नाही.

निकाल क्रमांक ही या नोंदीतली सगळ्यांत महत्त्वाची ओळ. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा सोडून जातो. आरसिंकमध्ये ० म्हणजे सगळं सुरळीत. २४ म्हणजे यादी केली तेव्हा असलेल्या काही फायली नेताना जागेवर नव्हत्या. तात्पुरत्या फायलींचं असं होतं, बहुधा घाबरण्यासारखं नाही. २३ म्हणजे काही फायली गेल्या आणि काही राहिल्या. हा आकडा फसवा आहे, कारण दुसऱ्या बाजूला बघितलं तर पुष्कळ काही आलेलं दिसतं. जे राहिलं ते नेमकं खतावणीचंही असू शकतं. ११ आला तर आधी डिस्क भरली का ते बघावं. २५५ म्हणजे बहुतेक वेळा पलीकडच्या सर्व्हरशी जोडणीच झाली नाही.

रोबोकॉपीचं गणित उलटं आहे आणि तिथे भलेभले गोंधळतात. त्यात ० म्हणजे नेण्यासारखं काही नव्हतं, १ म्हणजे फायली व्यवस्थित गेल्या. टास्क शेड्युलरमध्ये शेवटचा निकाल म्हणून हा १ दिसला की कुणाला वाटतं बिघाड झाला, आणि बरं चाललेल्या कामाची दुरुस्ती सुरू होते. तिथे ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर बिघाड समजावा.

रोबोकॉपीची दुसरी खोड याहून महागात पडणारी. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमनं उघडून अडवून ठेवली असेल, समजा कुणी हिशेबाचा प्रोग्रॅम बंद न करताच घरी गेलं, तर तो पुन्हा प्रयत्न करतो. किती वेळा? काही सांगितलं नसेल तर दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे तीन कोटी सेकंद. दिवसांत मोजलं तर ३४७ दिवस तो एका फायलीपाशी बसून राहील. मागच्या सगळ्या फायली ताटकळत. काम 'चालू आहे' असंच दिसेल, निकाल क्रमांक येणारच नाही. बसवणाऱ्याला दोन-तीन प्रयत्न आणि पाच-दहा सेकंद एवढंच ठेवायला सांगावं. आरसिंकलाही वेळेची मर्यादा सांगून ठेवावी लागते. मुळात त्याला ती नसते, त्यामुळे मध्येच लाइन तुटली तर तोही कितीतरी वेळ वाट बघत बसतो. आणि काल रात्रीचं काम संपलेलं नसताना आजचं सुरू होऊ नये, यासाठी कुलूप लावण्याची सोय असते. तीही मागून घ्यावी.

एक चलाखी मात्र ओळखायला हवी. पुष्कळ ठिकाणी बसवणाऱ्यानं शेवटी एक ओळ टाकलेली असते: 'बॅकअप पूर्ण झाला.' ही ओळ वरचं काम झालं म्हणून छापली जाते, की वरचं काम काहीही होवो, छापलीच जाते? बऱ्याचदा दुसरा प्रकार असतो. पिऊनला चेक भरायला बँकेत पाठवलं आणि तो परत आलाय एवढ्यावर चेक भरला असं लिहून टाकलं, त्यातली गत. निकाल क्रमांक तपासूनच ती ओळ छापली जाते ना, हे एकदा विचारून घ्यावं. खात्री करायची तर सोपी रीत आहे: एका रात्री मुद्दाम दुसऱ्या टोकाची नेटवर्कची वायर काढून ठेवावी आणि सकाळी नोंदीत काय आलंय ते वाचावं.

साडेपाच तासांचा घोळ

लॉगमधली वेळ वाचताना अनेकांची फसगत होते. भाड्यानं घेतलेला क्लाउड सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. तिथल्या क्रॉनला रात्री दोन सांगितले तर आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. पतसंस्थेत एक वेळ चालून जाईल, पण पहाटे पाचला कामाला लागणाऱ्या दूध संघात नेमकी गर्दीच्या वेळी कॉपी सुरू होते आणि सगळं संथ पडतं. शिवाय एका टोकाचा लॉग भारतीय वेळेत आणि दुसऱ्याचा जागतिक वेळेत असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून 'आधी काय बिघडलं' हे शोधणं कठीण होतं.

घड्याळं जुळवण्याची गोष्ट केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं, म्हणजे सर्ट-इननं, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घातली आहे. सर्व्हरची घड्याळं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावीत, आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावेत, असं त्यात म्हटलं आहे. कंपन्यांसाठी आणखी एक नियम आहे. हिशेबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीनं त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, हे आधीपासून होतं. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं तो 'ठरावीक काळानं' ऐवजी 'रोज' ठेवणं बंधनकारक झालं. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे, सहकारी संस्थांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण बॅकअप रोज झाला हे ऑडिटरला दाखवायचं कशावरून? इथेही शेवटी लॉगच काढावा लागतो.

पुसलेल्या फायलींचा आकडा

नमुन्याच्या नोंदीत 'पुसलेल्या २' असं आहे. या आकड्यावर जास्त नजर ठेवायला हवी.

दोन सर्व्हर हुबेहूब सारखे राहावेत म्हणून अनेकदा आरसिंकला सांगितलेलं असतं की इकडे जी फाइल पुसली ती तिकडेही पूस. ऐकायला बरोबर वाटतं. आता समजा मुख्य सर्व्हरला डेटाची डिस्क वेगळी जोडलेली आहे आणि करंट जाऊन आल्यावर ती डिस्क जोडलीच गेली नाही. फोल्डर आहे, पण आत काही नाही. रात्री दोनला आरसिंक येतो, बघतो: इकडे शून्य फायली, तिकडे एक्केचाळीस हजार. तो आज्ञाधारक. तिकडच्या एक्केचाळीस हजार फायली पुसून टाकतो, दोन्ही बाजू अगदी सारख्या करतो आणि निकाल क्रमांक ० लिहून मोकळा होतो. त्याच्या मते काम उत्तम झालेलं असतं.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. एका वेळी अमुक फायलींपेक्षा जास्त पुसायच्या नाहीत, अशी मर्यादा आरसिंकला घालता येते. ती ओलांडायची वेळ आली तर तो पुसणं थांबवतो आणि २५ हा निकाल देतो. दुसरं, सुरू करण्याआधी मूळ फोल्डरमध्ये ठरावीक एक फाइल आहे का ते तपासायचं, नसेल तर काम सुरूच करायचं नाही. याच कारणानं जुळणी आणि बॅकअप हे दोन वेगळे शब्द वापरायला हवेत. जुळणीत इकडची चूकही रात्रीतून तिकडे पोहोचते. कुणी चुकून फाइल बिघडवली किंवा व्हायरसनं सगळ्यांना कुलूप घातलं, तर तेही इमानानं दुसऱ्या टोकाला जातं. अशा रात्री लॉगमध्ये 'पाठवलेल्या ३१८' च्या जागी अचानक चाळीस हजार दिसतात. तेवढ्यात कुणी बघितलं तर वाचण्याची शक्यता असते. कालची, आठवड्यामागची, महिन्यामागची अशा जुन्या प्रती वेगळ्या ठेवणं हा बॅकअप. तो या जुळणीच्या जोडीला हवाच.

गुरख्याची शिट्टी

आता मुख्य मुद्दा. लॉग लिहिला, पण वाचणार कोण? पुष्कळ ठिकाणी उपाय म्हणून 'बिघाड झाला तर मेसेज पाठव' अशी सोय करतात. ती अपुरी आहे. सर्व्हरच बंद असेल तर मेसेज पाठवणार कोण? इंटरनेट गेलं म्हणून कॉपी झाली नसेल, तर तेच सांगणारा मेसेज कुठल्या वाटेनं जाईल? गिटलॅबचा प्रकार आठवा.

पूर्वी गल्लीत रात्री गुरखा फिरायचा. तो चोर आला तरच ओरडत नसे. दर फेरीला शिट्टी मारायचा, काठी आपटायचा. अंथरुणात पडलेल्या माणसाला त्या आवाजावरून कळायचं की पहारा चालू आहे. एखाद्या रात्री शिट्टी आली नाही की सकाळी चौकशी व्हायची. सर्व्हरलाही हीच सवय लावायची. काम नीट झालं की रोज 'झालं' असा निरोप पाठवायचा, आणि तो निरोप आला नाही तर ओरडायचं काम तिसऱ्यावर सोपवायचं. हा तिसरा त्या दोन सर्व्हरपैकी नसावा. इंटरनेटवर अशा सेवा आहेत, लहान वापराला फुकटातही मिळतात: पहाटे चारपर्यंत निरोप आला नाही की त्या ठरवलेल्या फोनवर, ईमेलवर कळवतात.

तेवढंही नको असेल तर घेणाऱ्या बाजूनं तपासावं. चंदगडच्या सर्व्हरनं रोज सकाळी आपल्याकडची सगळ्यांत ताजी फाइल किती तासांपूर्वीची आहे हे बघायचं आणि सव्वीस तासांहून जुनी असेल तर कळवायचं, फक्त सुट्टीचा दुसरा दिवस सोडून. पाठवणारा म्हणतो 'पाठवलं', यापेक्षा घेणारा म्हणतो 'मिळालं' याला वजन जास्त. बँकेचं जुळवणीपत्रक आपण आपल्या कॅशबुकावरून आणि बँकेच्या पासबुकावरून करतो ते याचसाठी. नुसत्या आपल्या कॅशबुकावर विसंबून कुणी शिल्लक मान्य करत नाही.

जुळवणीपत्रकासारखीच आठवड्याची एक तपासणीही हवी. रोज आरसिंक आकार आणि वेळ यांवरूनच ठरवतो, हे वर आलं आहे. फायलीचा आकार आणि वेळ तीच राहून आतला मजकूर डिस्कच्या दोषानं बिघडला असेल तर त्याला कळत नाही. रविवारी त्याला प्रत्येक फाइल आतून वाचून ताडायला सांगता येतं, तेही काहीही न पाठवता, नुसता फरक दाखवायला. वेळ लागतो, पण रविवारी कचेरी बंदच असते.

'ऱ' चा त्रास

एक अडचण खास मराठी लोकांची. पगाराच्या फायलीला 'कर्मचाऱ्यांचा पगार' असं नाव दिलं की त्यातला 'ऱ' संगणकाला दोन तऱ्हांनी लिहिता येतो: सबंध एक अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. २०१७ च्या आधीच्या पद्धतीनं डिस्क भरलेले जुने मॅक संगणक फाइलचं नाव साठवताना 'ऱ' ची फोड करतात. लिनक्स सर्व्हर जसं येईल तसं ठेवतो. छापखान्यांत आणि वृत्तपत्रांच्या डीटीपी विभागांत असे मॅक अजून चालू आहेत. मग आरसिंकला एकच फाइल दोन वेगळ्या नावांची वाटते. लॉगमध्ये रोज रात्री तीच फाइल एकदा 'नवी' आणि एकदा 'पुसलेली' दिसते, किंवा शाखेत एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी उभ्या राहतात. त्यातली ताजी कुठली ते कळत नाही. नावं बदलून घेण्याची सोय आरसिंकमध्ये आहे, ती दुरुस्ती करणाऱ्याला शोधायला सांगावी. लॉगमध्ये 'ऱ' वाल्या फायली रोज येत असतील तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. शेतकरी, कर्मचारी, वडोदरा, सातारा या शब्दांना विभक्ती लागली की 'ऱ' आलाच, त्यामुळे हे दुखणं वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी असतं.

लॉग साफ करताना

लॉग साठत जातात आणि डिस्क भरतात, म्हणून जुने लॉग पुसायची आपोआप व्यवस्था लावतात. तीही डोळ्यांत तेल घालून बसवावी. जपानच्या क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये दहा दिवसांहून जुने लॉग पुसायचा एक भाग होता. सेवा देणाऱ्या कंपनीनं प्रोग्रॅम सुधारला आणि जुना प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्यावर नवा ठेवला. चालू प्रोग्रॅम अर्ध्यावरून नवा मजकूर वाचू लागला, कुठल्या फोल्डरमधलं पुसायचं ती जागा रिकामी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, ७७ टीबी. चौदा संशोधन गटांना झळ बसली, त्यांतल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही.

लहान कचेरीत सहा महिन्यांचे लॉग ठेवले तरी काही जीबीच्या आत भागतं. चार ओळींची रोजची नोंद तर कितीही वर्षं ठेवता येईल. ती मुख्य सर्व्हरवरच पडून राहू नये, एवढं बघावं. सर्व्हर गेला तर तो का गेला हे सांगणारा कागदही त्याच्याबरोबर जातो.

रोज सकाळी ही नोंद कुणीतरी बघून रजिस्टरात सही करावी: तारीख, निकाल क्रमांक, पाठवलेल्या फायली, पुसलेल्या फायली. दोन मिनिटांचं काम, मस्टरवर सही करताना उरकण्यासारखं. महिन्यातून एकदा दुसऱ्या सर्व्हरवरची कुठलीही एक फाइल उघडून, आतली शेवटची एंट्री कोणत्या तारखेची आहे ते त्याच ओळीत लिहावं. चालू असलेला डेटाबेस तसाच उचलला असेल तर निकाल क्रमांक ० येऊनही प्रत उघडत नाही, आणि ते इथेच कळतं. आणि बिघाडाचा मेसेज सध्या कुठल्या नंबरवर जातो, हे आजच विचारून घ्यावं. तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या त्याच पोराचा असेल, तर आधी तो बदलावा.